अंधार कुठं ठेवायचा?

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण आणि प्रकाशयोजना

या अंकासाठी निवडलेले प्रश्न सगळे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले आहेत. तपशील वेगळे असले तरी तक्रार एकच आहे. प्रसंग कागदावर वाचताना अंगावर येतो आणि पडद्यावर विरून जातो. उत्तरांत ‘स्टॉप’ हा शब्द वारंवार येईल. एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट.

प्रश्न : वाईतला एक जुना वाडा चित्रीकरणाला मिळाला. रात्रीचा प्रसंग आहे. सून कंदील घेऊन माजघरातून ओसरीवर येते आणि दिंडी दरवाजा उघडा असल्याचं तिच्या लक्षात येतं. आम्ही फक्त कंदिलाच्या उजेडावर शूट केलं. कंदिलाची काच पांढरीफटक, चेहरा काळा आणि बाकी सगळीकडे मुंग्या. काय चुकलं?

एकाच कंदिलाकडून तुम्ही दोन कामं करून घेतलीत. चौकटीत दिसणारा दिवा आणि चेहरा उजळणारा दिवा वेगळे ठेवावे लागतात. ज्योत कॅमेऱ्याला थेट दिसते, चेहऱ्यावर तिचा थोडाच उजेड पोचतो. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येऊ द्यायचा उजेड) वाढवलं की काच पांढरीफटक होते, काचेसाठी कमी केलं की चेहरा अंधारात जातो. मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) चढवला जातो आणि सावल्यांत मुंग्या येतात.

आधी वात बारीक करा. काचेची कॅमेऱ्याकडची बाजू आतून काजळीनं हलकी धुरकट होऊ द्या आणि सुनेकडची बाजू लख्ख पुसून ठेवा. कॅमेऱ्याला ज्योत मंद दिसेल, तिच्या अंगावर मात्र पुरेसा उजेड पडेल. कडीला दोऱ्याची खूण बांधा, म्हणजे दर टेकला कंदील त्याच बाजूनं धरला जाईल. ही खूण राहिली की तिसऱ्या टेकपासून काच पुन्हा पांढरी.

आता चेहरा. तळहाताएवढा बॅटरीवरचा एलईडी पॅनल ३२०० केल्विनवर ठेवा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप : आकडा लहान तर पिवळसर, मोठा तर निळसर). त्यावर अर्ध्या तीव्रतेचं नारिंगी जिलेटिन आणि बटरपेपरचा एक थर लावा. सहायकानं तो कंदिलाच्याच बाजूनं, कमरेच्या उंचीवर, चौकटीबाहेर तीन फुटांवर धरून सुनेबरोबर चालायचं. दोन बोटं पॅनलसमोरून अधूनमधून, अगदी सावकाश फिरवली की ज्योतीची थरथर मिळते. जोरात फिरवलीत तर शेकोटी वाटेल. सहायकाचं अंतर काटेकोर हवं. तीन फुटांवरून दीड फुटावर आला तर चेहऱ्यावर चौपट उजेड पडतो, म्हणजे थेट दोन स्टॉप. त्याच्या कमरेला आणि अभिनेत्रीच्या कमरेला सुतळी बांधून चालवलंत तरी चालेल. दिसायला हास्यास्पद, पण अंतर टिकतं.

तिसरा उजेड चंद्राचा. चौकावरच्या माडीच्या कठड्याला १५० ते २०० वॅटचा एलईडी पक्का बांधून खाली चौकात सोडा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते) ३२०० आणि हा दिवा ४३०० केल्विन, एवढा फरक पुरतो. दिवा ५६०० वर ठेवलात तर वाडा पौराणिक मालिकेसारखा निळाशार होईल. या दिव्यानं माणूस उजळायचा नाही, लाकडी खांबांच्या कडा तेवढ्या उचलायच्या.

मोजमाप साधारण असं ठेवा : कंदिलाकडचा गाल नेहमीच्या एक्स्पोजरपेक्षा दीड स्टॉप खाली, खांबांच्या कडा अडीच खाली, माजघराचा कोपरा पाच खाली. दिंडीच्या फटीत मात्र बाहेरून दिवा लावून फक्त एक स्टॉप खाली. कंदील सोडला तर चौकटीत सर्वांत उजळ जागा ती फट आणि ती लहानशी. प्रेक्षकाची नजर सुनेच्या आधी तिथं जाते. दार उघडं आहे हे त्याला कळलंय, तिला अजून कळलेलं नाही. ताण तिथून सुरू होतो. म्हणून पहिला शॉट तिच्या पाठीमागून, ३५ एमएमच्या लेन्सवर (एमएमचा आकडा जितका लहान, तितकं चौकटीत जास्त मावतं), खांद्यावरून फट दिसेल असा घ्या आणि ती थबकेपर्यंत तिचा चेहरा दाखवू नका.

गालाची अंधारी बाजू करडी पडत असेल तर दोष चुन्याच्या भिंतीचा आहे. ती सगळा उजेड परत फेकते. सुनेला भिंतीपासून किमान सहा फूट ठेवा आणि अंधाऱ्या बाजूला, चौकटीबाहेर, काळी घोंगडी टांगा. लोकर उजेड पिते. विकतच्या काळ्या कापडाला चकाकी असते, घोंगडीला नसते.

एक सूचना विजेची. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटची मर्यादा कागदावर १३८० वॅट असते, पण वाड्यातली जुनी वायर तेवढं सोसेल असं धरू नका. हजार वॅटचा हॅलोजन अशा पॉइंटवर आणि लाकडी तुळईजवळ लावूच नये.

प्रश्न : ट्यूबलाइटखाली शूट केलं तर पडद्यावर काळे पट्टे वर-खाली सरकतात. (मिरज)

आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५. कॅमेऱ्यात शटर अंशांत असेल तर २५ फ्रेमला १८० अंश, आणि २४ फ्रेमच हवे असतील तर १७२.८ अंश म्हणजे १/५०. १/६० वर ठेवलेला मोबाइल हे पट्टे हमखास दाखवतो. काही स्वस्त एलईडी डिमरवर खाली आणले की वेगळ्याच गतीनं लुकलुकतात. त्यांना शटरचा इलाज नाही. ते पूर्ण उजेडावर ठेवायचे आणि समोर बटरपेपरचे थर वाढवायचे.

प्रश्न : आम्ही कराडचे कॉलेजचे विद्यार्थी. वडील फोनवर वाईट बातमी ऐकतात आणि कॅमेरा हळूहळू त्यांच्याकडे सरकतो असा शॉट आहे. आमच्याकडे ६० सेंटीमीटरचा स्लायडर (कॅमेरा सरकवायची पटरी) आहे. पूर्ण सरकवला तरी काही घडल्यासारखं वाटत नाही.

कारण तुम्ही फार लांबून सरकताय. चार मीटरवरून सुरुवात केलीत तर ६० सेंटीमीटरनं चेहरा जेमतेम १८ टक्के मोठा होतो. दोन मीटरवरून सुरू करून १.४ मीटरवर थांबलात तर तोच स्लायडर चेहरा ४३ टक्के मोठा करतो. लेन्स बदलून हे प्रमाण बदलत नाही, कारण ते फक्त अंतरावर ठरतं. लेन्सनं बदलतं ते मागच्या भिंतीचं वागणं. ५० एमएमवर मागची भिंत जवळजवळ जागची हलत नाही. २८ एमएमवर मागच्या वस्तू, खुर्ची, कॅलेंडर, दाराची चौकट बाजूला सरकताना जाणवतात आणि सरकणं ‘कळतं’. बातमी वाईट असेल तर ते कळू नये असं आमचं मत आहे. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की तोच पुढं झुकलाय.

वेग १५ ते २० सेकंदांत ६० सेंटीमीटर. म्हणजे सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर. एवढं हळू हातानं ढकललं की झटके बसतात, म्हणून हात लावूच नका. स्लायडरच्या गाडीला जाड रबरबँड अडकवा आणि ते ओढा. हाताचा झटका रबर खातं, गाडी संथ जाते. वडिलांच्या पहिल्या वाक्याबरोबर सुरू करू नका. फोनवर पलीकडचं माणूस बोलू लागल्यावर, वडील गप्प असताना सुरू करा. आणि शॉटचा कट गाडी चालू असतानाच घ्या. गाडी थांबली की प्रेक्षकही श्वास सोडतो.

फोकसचं बघा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० एमएम, एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा मोठा तर उजेड कमी, फोकसची खोली जास्त) आणि १.४ मीटर अंतर, या हिशेबात फोकसची खोली फक्त १३ सेंटीमीटरच्या आसपास राहते. वडील मान हलवतील आणि जातील. एफ ४ ठेवा आणि गाडीच्या तीन थांब्यांवर चिकटपट्टीच्या खुणा करून फोकस हातानं फिरवा. ऑटोफोकसवर विसंबू नका. भावनेच्या ऐन क्षणी तो कानावर जातो.

आणखी एक गोष्ट करून पाहा. मागच्या खोलीतला दिवा डिमरवर घ्या आणि त्याच २० सेकंदांत शंभरवरून पन्नास टक्क्यांवर आणा. एक स्टॉप एवढ्या सावकाश गेला तर कुणाच्याही ध्यानात येत नाही. घर मात्र वडिलांच्या मागून निघून जातं.

प्रश्न : उसात रात्रीचा पाठलाग करायचा आहे. नायकाच्या हातात बॅटरी आहे. चाचणी घेतली तर बॅटरी जिकडं जाईल तिकडं चित्र आपोआप उजळतं-काळवंडतं आणि मागचा ऊस दिसतच नाही. (वाळवा तालुका)

उजळणं-काळवंडणं हा ऑटो एक्स्पोजरचा उद्योग. मोबाइल असो वा कॅमेरा, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद करा. मोबाइलमधली एचडीआर आणि नाइट मोड बंद करा. ते सावल्या स्वतःहून उचलतात आणि तुम्ही मेहनतीनं ठेवलेला अंधार खाऊन टाकतात.

ऊस दिसत नाही कारण उजेड फक्त समोरून आहे. उसाचं पान पातळ असतं आणि त्याला कडा असते. ते मागून उजळतं. ३०० वॅटचा एक एलईडी सरीच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्याकडं थोडं तोंड करून, १५ फूट उंचीवर लावा. ट्रॉलीवर स्टँड उभा करून दोर मारा, नुसता स्टँड वाऱ्यात पडतो. उंची महत्त्वाची, कारण ऊस आठ-दहा फुटांचा असला तर त्याखालचा दिवा पहिल्या दोन बेटांतच अडतो. अंतरही लांब ठेवा. दिवा १० फुटांवर असेल आणि नायक २० फुटांवर गेला तर त्याच्यावरचा उजेड दोन स्टॉपनं पडतो. तोच दिवा ४० फुटांवर असेल आणि नायक आणखी १० फूट लांब गेला, तर पाऊण स्टॉपही पडत नाही. लांबचा दिवा चंद्रासारखा वागतो, जवळचा दिवा दिव्यासारखा. हे एक कळलं की निम्मं नाइट शूटिंग सुटतं.

बॅटरी नायकानं स्वतःच्या चेहऱ्यावर मारायची नाही. ती जमिनीकडं धरू द्या आणि पाचटावर, चौकटीखाली, दोन फुटांचा थर्माकोलचा तुकडा पडू द्या. बॅटरी त्यावरून गेली की खालून सौम्य उजेड चेहऱ्यावर येतो आणि जातो. तेवढ्यात डोळे दिसतात. बॅटरी थेट लेन्समध्ये एकदाच येऊ द्या, तीही प्रसंगाच्या शेवटी. दर शॉटला आली तर सवय होते. आणि बॅटरी कमी उजेडाच्या मोडवर लावू नका, बऱ्याच एलईडी बॅटऱ्या त्या मोडवर लुकलुकतात.

कॅमेऱ्यासाठी आधी ठरवा, आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत. ८५ एमएम लेन्सनं तीस फुटांवरून, पुढं अस्पष्ट पानं ठेवून नायकाला पाहिलं तर कुणीतरी त्याला पाहतंय. २४ एमएमनं दीड-दोन फुटांवरून पाहिलं आणि पानं लेन्सला घासली तर आपण त्याच्याबरोबर अडकलोय. दोन्ही वापरा, पण पाठलाग करणारा एकदा चौकटीत दाखवलात की पहिला शॉट मेला. तो जितका उशिरा दाखवाल तितका बरा. त्याच्याऐवजी वारा नसताना एक ऊस हलवा. बुडख्याला सुतळी बांधून वीस फुटांवरून सहायकानं ओढायची. तेही अख्खं बेट नको, एकच ऊस.

मोठा वाइड शॉट, शेंड्यांच्या वर आकाश दिसणारा, सूर्यास्तानंतरच्या वीसेक मिनिटांत उरका. पूर्ण रात्री आकाश काळं पडतं आणि उसाची उंचीच कळत नाही.

आता शिस्त. पूर्ण बाह्या, बूट, डोळ्यांना साधा चष्मा, कारण पान पात्यासारखं कापतं. नुकतं पाणी दिलेल्या सरीत वायरचा एकही जोड जमिनीवर नको. आणि कराड-शिराळा पट्ट्यात बिबट्याच्या माद्या उसातच पिल्लं घालतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. रान मालकासह दिवसाउजेडी फिरून पाहा आणि रात्री कुणाला एकटं आत सोडू नका.

प्रश्न : मी नाटकाची प्रकाशयोजना करतो. रंगमंचावर स्पॉटनं प्रेक्षक श्वास रोखतात, तोच स्पॉट लघुपटात लावला तर कवायत वाटते. (सांगली)

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं त्या गावाला प्रकाशाचं महत्त्व समजावणं म्हणजे आगाऊपणा. पण काम वेगळं आहे. रंगमंचावर शेवटच्या रांगेला चेहरा दिसावा म्हणून उजेड समोरून आणि वरून येतो. शिवाय प्रेक्षकाचा डोळा अंधाराला सरावतो, त्याला स्पॉटबाहेरची हालचालही दिसते. कॅमेऱ्याचा सेन्सर तसा सरावत नाही. त्याला स्पॉटमधला चेहरा सपाट दिसतो आणि बाहेरचं काहीच नाही.

म्हणून मुख्य दिवा कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूला न्या. नट डावीकडं बघत असेल आणि कॅमेरा त्याचा उजवा गाल पाहत असेल, तर दिवा डाव्या गालावर पडू द्या. कॅमेऱ्याकडं येते ती अंधारी बाजू, आणि नाकाच्या कडेनं उजेडाची रेघ. मुख्य आणि पूरक उजेडाचं प्रमाण ८:१, म्हणजे तीन स्टॉपचा फरक, इथून सुरू करा. सावळ्या चेहऱ्यावर दिवा प्रखर करत नेऊ नका, मोठा करा. चार बाय चार फुटांच्या चौकटीला पांढरं कापड ताणून त्यातून उजेड बाजूनं सोडा. त्वचेवर चकाकी येते आणि त्या चकाकीनं चेहऱ्याचा आकार कळतो. अंधारात त्वचा उजळ करायला गेलं की ती मातकट होते.

डोळ्यांतला ठिपका स्वतंत्रपणे हाताळा. भेदरलेल्या माणसाच्या डोळ्यात तो ठेवा, ज्याचा हेतू कळू द्यायचा नाही त्याच्या डोळ्यातून काढा. कॅमेऱ्याजवळ एक मंद छोटा एलईडी पुरतो, किंवा तो बंद करणं पुरतं. ‘प्रभात’च्या १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूच्या डोळ्याचा टेलिफोटो लेन्सनं घेतलेला अतिनिकट शॉट आजही बघण्यासारखा आहे. नाटकात हा डोळा तिसऱ्या रांगेलाही दिसला नसता. खालून टाकलेला उजेड, जुन्या पायदिव्यांसारखा, शक्यतो टाळा. त्यानं भीती वाटण्याआधी हसू येतं.

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगचा गिंबल (हातातला कॅमेरा तोलून धरणारं यंत्र) आहे. गल्लीतून पळण्याचा प्रसंग त्यावर केला, पण वरात चालल्यासारखी वाटते. (विटा)

गिंबल तरंगतो, आणि तरंगणाऱ्याला धाप लागत नाही. कॅमेरा हातात घ्या, पण नुसता हलका कॅमेरा नको. त्याची थरथर बारीक आणि चिडखोर असते. पट्टी, जादा बॅटऱ्या, वाळूची छोटी पिशवी, काहीही लावून वजन तीनेक किलो करा. मग हेलकावा माणसाच्या चालीचा होतो. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद करा, नाहीतर ते तुमच्या धक्क्यांशी भांडत राहतं आणि कडा जेलीसारख्या हलतात. लेन्स २८ ते ३५.

शटर १/१०० ठेवा. हालचालीची धूसरता निम्मी होते, पावलं तुटक आणि टोकदार दिसतात आणि रस्त्यावरचे दिवे बहुतेक वेळा लुकलुकत नाहीत. उजेड एक स्टॉप कमी होईल, तो हिशेबात धरा. १/२०० वर आणखी धार येते, पण दिव्यांचे पट्टे यायला लागतात.

गल्लीतल्या दोन खांबांमधला अंधार भरू नका. हीच तर तुमची फुकटची प्रकाशयोजना आहे. नायक उजेडात येतो, अंधारात जातो, आणि दर वेळी तो बाहेर येईल की नाही हा प्रश्न उभा राहतो. पळणाऱ्याच्या तोंडापुढची जागा कमी ठेवा, पाठीमागची जास्त, म्हणजे पाठीमागची रिकामी जागा बोलू लागते. रस्ता ओला करता आला तर करा. छोट्या टँकरचं पाणी, टेकच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. काळा डांबर दिव्यांची प्रतिबिंबं धरतं आणि वेगळा दिवा न लावता चौकटीत खोली येते. आयत्या वेळी पाणी टाकलंत तर नट घसरतो.

कॅमेरा तिरका करायचा मोह झाला तर पाच ते दहा अंश, तेही एका शॉटपुरतं. तीस अंश म्हणजे मालिकेत सासूला धक्का बसला.

प्रश्न : माणूस तेवढाच राहतो आणि मागचं जग अंगावर येतं, तो शॉट साध्या झूमवर जमेल का? (सातारा)

जमेल. १९५८ च्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटापासून हा शॉट ओळखीचा आहे आणि त्यामागचं गणित सोपं आहे : अंतर दुप्पट तर फोकल लेंग्थ (लेन्सचा एमएमचा आकडा) दुप्पट. २४ एमएमवर चार फूट, ४८ वर आठ फूट, ७२ वर बारा फूट. कॅमेरा मागं येत झूम आत गेला की पार्श्वभूमी पुढं येते. उलट केलं की ती दूर पळते.

बिघडतं ते दोन ठिकाणी. १८-५५ सारख्या किट लेन्सवर झूम करताना एफ ३.५ वरून ५.६ वर जातो आणि शॉट मधेच काळवंडतो. सुरुवातीलाच एफ ५.६ किंवा ८ ठेवा. दुसरं, झूमची रिंग आणि ट्रॉली यांचा वेग जुळत नाही. त्याला पळवाट आहे. झूमला हात लावू नका. ४केमध्ये चित्रित करा, ट्रॉली चार फुटांवरून आठ फुटांवर आणा आणि संकलनात १०८०पीच्या पट्ट्यावर चित्र शंभर टक्क्यांवरून हळूहळू मोठं करत चेहरा जागच्या जागी ठेवा. दुप्पट मोठं करेपर्यंत तपशील टिकतो. मागं कोरी भिंत असेल तर परिणाम शून्य. यवतेश्वर घाटातला वळणाचा रस्ता किंवा खांबांची रांग, अशा मागं पळणाऱ्या रेषा लागतात.

प्रश्न : पावसाळ्यात कास रस्त्यावर धुक्यात शूट केलं. सगळं पांढरं आणि मऊ आलं, भीती कुठंच नाही.

धुकं समोरच्या उजेडात भिंत होतं आणि मागच्या उजेडात पडदा. गाडीचे हेडलाइट कॅमेऱ्याच्या बाजूनं लावले असतील तर तेच कारण. दिवा माणसाच्या मागं, रस्त्याच्या वळणापलीकडं लपवा. माणूस काळा आकार होतो. तीन आकृत्या १०, २५ आणि ४० फुटांवर उभ्या केल्या तर तीन छटा मिळतात, आणि चौथी आहे की नाही हे प्रेक्षक स्वतः शोधू लागतो. धुकं नेहमीच्या करड्यापेक्षा एक स्टॉप वर ठेवा, पांढरं फुटू देऊ नका.

वाइड शॉट आधी घ्या. धुकं दहा मिनिटांत उठतं आणि मग जुळवाजुळव होत नाही. क्लोजअपमागं धूर करता येतो, डोंगरभर करता येत नाही. एसी गाडीतून काढलेल्या लेन्सवर लगेच दव धरतं, म्हणून पेटी अर्धा तास आधी बाहेर काढा आणि बंदच ठेवा. पठार वनखात्याच्या अखत्यारीत आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. परवानगीशिवाय रस्ता सोडून आत जाऊ नका.

प्रश्न : हरिपूरच्या हळदीच्या पेवात (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात) माणूस अडकतो अशी कथा आहे. पेवात उतरून वर बघणारा शॉट कसा घ्यावा?

उतरू नका. बंद पेवातली हवा जीवघेणी असते. प्राणवायू कमी झालेला असतो आणि जड वायू तळाशी बसलेले असतात. उतरणारा बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही. कॅमेऱ्याला खरं पेव लागत नाही, पेवाचं तोंड लागतं.

विहिरीला वापरतात ती तीन फूट व्यासाची सिमेंटची रिंग आणा. दोन रिंगा एकावर एक ठेवा. त्या चौघांनी मिळून उचलायच्या, आणि आधाराशिवाय तिसरी चढवायची नाही. आतून चिखल आणि शेणाचा हात फिरवा, म्हणजे सिमेंट उजेड परत फेकणार नाही. मोबाइल तळाशी उताणा ठेवून अल्ट्रावाइड लेन्स वापरा. दोन रिंगांची दोन फूट उंचीही त्या लेन्सला खोल विहीर वाटते. वरून डोकावणारा चेहरा आकाशापुढं तीन-चार स्टॉप खाली जाईल, म्हणजे काळा आकार. तो तसाच राहू द्या. कोण डोकावतंय हे कळलं तर आशा किंवा भीती यांतलं एक ठरून जातं.

आत अडकलेल्या माणसाचे शॉट घरात, काळ्या घोंगड्यांनी वेढलेल्या कोपऱ्यात होतील. थर्माकोलच्या पाटीला एक फुटाचं गोल भोक पाडा, पाटी डोक्यावर सात-आठ फुटांवर टांगा आणि वरून बटरपेपर न लावलेला एलईडी सोडा. हॅलोजन इथं नको, थर्माकोल पेट घेतो. जमिनीवर उजेडाचं गोल वर्तुळ पडेल. नटाला त्या वर्तुळाच्या कडेवर बसवा. कपाळ आणि नाक उजेडात, डोळे भुवयांच्या सावलीत. हळदीची चिमूटभर पूड वरून सोडली तर उजेडाचा खांब दिसतो. ती नटाच्या मागच्या बाजूनं सोडा, नाहीतर पुढचे तीन टेक शिंकण्यात जातील. आणि शेवटचा शॉट काय असावा विचाराल तर, पेवाचं झाकण सरकवलं जाताना वरून नको. खाली, जमिनीवरचं ते वर्तुळ अर्धं, मग कोयरीएवढं, मग नाहीसं होताना. झाकणाचं काम पुठ्ठा करेल, दिव्याजवळून सावकाश, दहा सेकंदांत.